ग्रीक येत नाही, पण हेसिओडची ६०२वी ओळ सुटत नाही. यावर लघुप्रबंध होईल का?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. मी एम. ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. शेवटच्या सत्राला लघुप्रबंध आहे आणि पंधरा दिवसांत विषय द्यायचाय. जरा लांबून सुरुवात करते, कारण विषय कुठून आला ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

आम्हाला ग्रीक म्हणजे सोफोक्लीसचा ईडिपस आणि अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, बस. नोट्समध्ये हेसिओडचं नाव एका ओळीत येऊन जातं: 'इ.स.पू. ७०० च्या सुमाराचा शेतकरी कवी.' शेतकरी हा शब्द वाचला आणि मी तिथेच थांबले. त्याच्या 'वर्क्स अँड डेज'चं एक जुनं इंग्रजी भाषांतर मोबाइलवर फुकट मिळालं. मूळ काव्य ८२८ ओळींचं. दोन रात्रींत वाचून काढलं.

मला वाटलं होतं देवादिकांचं काहीतरी असेल. निघाली आपल्यासारखी भाऊबंदकी. बापाच्या वाटणीवरून पर्सीस नावाच्या भावाशी तंटा, त्यात लाच खाणारे राजे न्याय करायला बसलेले, आणि मग त्याच भावाला समोर बसवून सांगितलेलं सगळं: नांगरायचं कधी, नांगराच्या कोणत्या भागाला कोणतं लाकूड, नांगर दोन ठेव म्हणजे एक मोडला तर दुसरा जुंपता येईल. एका ठिकाणी म्हणतो, पेरणाऱ्याच्या मागून एक पोरगा कुदळ घेऊन चालू दे, तो बी मातीआड करेल, म्हणजे पाखरांना टिपता येणार नाही. हे काम मी केलंय. पाभरीमागे चालायचं आणि उघडं राहिलेलं बी पायाने झाकायचं. पायाच्या बोटांत अडकलेली ती काळी माती मला वाचताना जशीच्या तशी आठवली.

पुढे एक ओळ आली आणि मी मोबाइल बाजूला ठेवला.

माझे वडील बावीस वर्षं सालदार होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल धरतात. वर्षाची रक्कम ठरते, वर धान्य, कपडा, वहाणा जे ठरेल ते. गरज असेल तर थोडी उचल आधी मिळते. मग वर्षभर मालकाचं शेत, गुरं, खळं, रात्रीचं पाणी सगळं त्याच्याकडे. पुढच्या आखाजीला हिशेब होतो आणि साल संपतं. पुन्हा त्याच मालकाकडे राहायचं की दुसरं घर बघायचं, ते त्या दिवशी ठरतं.

त्या भाषांतरात लिहिलंय की धान्य घरात नीट साठवून झालं की आपल्या दासाला घराबाहेर काढ आणि मूल नसलेली कामवाली बाई शोध. मी हे वाचत होते तेव्हा वडील ओट्यावर झोपलेले होते. मला कळेना, हा माणूस कोण? विकत घेतलेला दास असेल तर त्याला कोणी बाहेर का काढेल? तो तर मालकाचा पैसा. आणि दास नसेल, तर मग तो कोण?

आमचे मार्गदर्शक म्हणाले, ग्रीक येत नसताना ग्रीक काव्यावर संशोधन होत नाही, एखादी भारतीय इंग्रजी कादंबरी घे, संदर्भ तयार मिळतील. त्यांचा हेतू चांगला आहे. पण मला हा माणूस सोडवत नाही.

तर सांगा, पाच-सहा महिन्यांत या ओळीपुरतं तरी ग्रीक शिकता येईल का? इथे बसून पुस्तकं कुठून मिळवायची? आणि आमच्या सालदारीशी तुलना केली तर तोंडी परीक्षेला ती टिकेल का?

जळगावकर_शोधार्थी

ताई, विषय चांगला आहे, पण आत्ता तो पसरलेला आहे. मी पीएच.डी. करतोय, म्हणून अनुभवाने सांगतो. 'ग्रीक आणि खान्देशी कृषिजीवनाचा तौलनिक अभ्यास' असं शीर्षक चुकूनही देऊ नका. पहिलाच प्रश्न येईल की यांचा त्यांच्यावर प्रभाव होता का. प्रभाव दाखवायला पुरावा लागतो आणि इथे तो नाही. बोरीकाठच्या सालदाराला हेसिओड माहीत नव्हता, आणि हेसिओडला बोरी.

ओळी मोजून घ्या. दहा ओळी, एक शब्द, एक प्रश्न. सत्तर-ऐंशी पानांना तेवढं पुरतं. आणि मार्गदर्शकांना नाराज करू नका. त्यांच्यापुढे एक पानाचं टिपण ठेवा, तोंडी वाद घालू नका.

धुळ्याहून_निवृत्त

बेटा, तुझा प्रश्न काल दोनदा वाचला. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. अ‍ॅरिस्टॉटल शिकवताना विंदा करंदीकरांचं मराठी काव्यशास्त्र हाताशी ठेवायचो. 'हमार्तिया' म्हणजे नायकाच्या स्वभावातला दोष, असं मी कितीतरी वर्षं मुलांना लिहून दिलं. निवृत्तीनंतर ग्रीक अक्षरं शिकलो आणि कोश उघडला, तेव्हा दिसलं की त्यामागचं क्रियापद होमरच्या रणांगणावर फेकलेला भाला चुकतो तिथे वापरलेलं आहे. नेम चुकणं! माझी तीस वर्षांची मुलं 'दोष' पाठ करून गेली, त्याची हळहळ मला अजून आहे. म्हणून तुला सांगतो, भाषा पूर्ण आली नाही तरी चालेल, पण ज्या शब्दावर तुझा प्रबंध उभा राहणार आहे, तो शब्द तुझ्या डोळ्यांनी मुळात बघितलेला असला पाहिजे.

आता तुझ्या ओळीकडे येऊ. तू वाचलेलं भाषांतर ह्यू एव्हलिन-व्हाइटचं, १९१४ सालचं, लोएब मालिकेतलं असावं. त्यात त्या माणसाला दास म्हटलंय. मुळात तिथे दास नाही. दासाला हेसिओडचा शब्द 'द्मोस', आणि तो याच उताऱ्यात दोनदा येतो. ५९७व्या ओळीत दासांना मळणीला लाव म्हणतो, आणि ६०८व्या ओळीत दासांच्या गुडघ्यांना विसावा दे, बैलजोडी सोड म्हणतो. मधल्या ६०२व्या ओळीत शब्द बदलतो: 'थेस'. थेस म्हणजे मजुरीवर ठेवलेला मोकळा माणूस. त्याची मालकी कोणाकडे नाही, आणि त्याच्याकडेही काही नाही. बाहेर काढायचा दास कसा, असं तुला खटकलं ना? ग्रीक न येता तू बरोबर जागी बोट ठेवलंस.

हा थेस कोण, ते बघायला होमरकडे चल. इलियडच्या २१व्या सर्गात पोसायडन अपोलोला जुनी आठवण करून देतो: आपण दोघं देव, पण ट्रॉयच्या लाओमेडॉन राजाकडे एक वर्ष थेस म्हणून राबलो, ठरलेल्या मजुरीवर. मी नगराची भिंत बांधली, तू इडा डोंगरावर गुरं राखलीस. वर्ष भरलं, मजुरीचा दिवस आला, आणि राजाने सगळी मजुरी बुडवली. वर धमकी दिली की हातपाय बांधून दूरच्या बेटांवर विकीन, दोघांचे कान कापीन. बेटा, 'एक वर्ष' आणि 'ठरलेल्या मजुरीवर' हे शब्द मुळात आहेत, ४४४ आणि ४४५ या ओळींत. साल धरलं होतं देवांनी. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वेळ अंगणात बसून राहिलो.

ओडिसीच्या १८व्या सर्गात भिकाऱ्याच्या वेशातल्या ओडिसिअसला एक उन्मत्त माणूस हिणवून विचारतो, येतोस का थेस म्हणून, माझ्या रानाच्या कडेला? दगडी बांध घालायचे, झाडं लावायची. वर्षभर पोटाला देईन, अंगावर कपडे देईन, पायात वहाणा देईन. तू वर लिहिलेलं 'धान्य, कपडा, वहाणा' आणि हे शेजारी ठेवून बघ. ११व्या सर्गात मेलेला अकिलीस म्हणतो की इथे मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा जमीन नसलेल्या एखाद्या गरिबाकडे थेस म्हणून राबणं मला आवडेल. माणसाची सर्वांत खालची अवस्था सांगायला त्याला दास सुचला नाही, थेस सुचला. दासाला निदान एका घराचा आसरा असतो, थेसाला तोही नाही, असं त्यावर अभ्यासकांनी लिहिलं आहे.

म्हणजे चार जागा झाल्या: इलियडमधली एक, ओडिसीतल्या दोन आणि तुझी ६०२वी ओळ. एवढ्यावर लघुप्रबंध होतो.

आता खरी गाठ. ओळीचे शब्द असे: 'थेता त आओइकोन पोइएस्थाइ'. थेता म्हणजे थेसाला, कर्मरूप. आओइकोन म्हणजे घर नसलेला. 'ओइकोस' म्हणजे घर, आणि पुढचा 'अ' आपल्या 'अज्ञान', 'अपूर्ण' मधला 'अ'च आहे. पोइएस्थाइ म्हणजे करणे, तेही आपल्यासाठी करणे. संस्कृतातलं आत्मनेपद आठव.

मराठीत आपण 'वकील केला' म्हणतो, 'गाडी केली' म्हणतो. म्हणजे आपल्या कामासाठी लावली, ठरवली. आणि 'बेघर केलं' म्हणतो तेव्हा तेच 'करणं' दुसऱ्याच अर्थाने येतं. हेसिओडचे शब्द त्याच क्रमाने मराठीत ठेव: 'गडी बेघर करावा.' काय अर्थ घेशील? गड्याला बेघर करावं, की ज्याला घर नाही असा गडी करावा? इंग्रजीला इथे एक बाजू घ्यावीच लागते, म्हणून १९१४ च्या भाषांतराने 'बाहेर काढ' घेतलं. दुसऱ्या काही अभ्यासकांनी उलट वाचलं: घरदार नसलेला गडी ठेवून घे. मराठीत मात्र ती गाठ न सोडता जशीच्या तशी ठेवता येते. हे तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण समज.

दोन्ही वाचनांना आधार आहे. मळणी झाली, धान्य आत गेलं, आता खाणारं एक तोंड कमी करा, असा एक विचार. उलट बाजूने बघ: हीच ओळ पुढे म्हणते मूल नसलेली बाई शोध, ६०४वी म्हणते तीक्ष्ण दातांचा कुत्रा पाळ आणि त्याच्या खाण्यात हात आखडू नकोस, नाहीतर 'दिवसा झोपणारा माणूस' तुझं धन नेईल. दिवसा झोपणारा म्हणजे चोर. हे सगळं राखणदारीचं बोलणं आहे, काढून टाकण्याचं नाही. आत्मनेपदाचं रूपही 'ठेवून घ्यावा'कडे थोडं झुकतं. पण निकाल लागत नाही, आणि तू लावायचा आग्रहही धरू नकोस.

आणखी एक, जे मला फार जवळचं वाटतं. ६०१वी ओळ संपते 'घराच्या आत' या शब्दांवर, ओइकोस शब्दावर. लगेच पुढच्या ओळीत आओइकोस, घर नसलेला. धान्याला घर मिळालं आणि त्याच दमात घर नसलेला माणूस आला. याआधी ४०५व्या ओळीत भावाला पहिला सल्ला काय आहे? आधी घर कर, मग बाई, मग नांगराचा बैल. अ‍ॅरिस्टॉटलनेही राज्यशास्त्राच्या पहिल्याच भागात ही ओळ उद्धृत केली आहे. हा 'घर' शब्द पूर्ण काव्यात कुठे कुठे येतो, ते मोज.

पुस्तकांचं सांगतो. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सिअस संग्रहात मूळ ग्रीक आणि एव्हलिन-व्हाइटचं भाषांतर दोन्ही फुकट आहेत. ग्रीक शब्दावर टिचकी मारली की त्याचं व्याकरण उघडतं. शिकागो विद्यापीठाचा लोगेऑन कोश मोबाइलवर चालतो. लोएबमध्ये २००६ साली ग्लेन मोस्ट यांचं नवं भाषांतर आलं आहे, ते जुन्याच्या शेजारी ठेवून वाच. मोठा आधार म्हणजे एम. एल. वेस्ट यांची १९७८ ची टीका, म्हणजे ओळीवार भाष्य, ऑक्सफर्डने छापलेली. ती महाग आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आंतरग्रंथालयीन मागणी कर. अर्ज लेखी दे आणि पोच घे.

ग्रीक अक्षरं २४. रोज अर्धा तास दिलास तर पंधरवड्यात वाचता येतील. त्यानंतर ६०० ते ६०८ या नऊ ओळी हाताने लिही. रोज एक ओळ, एकेका शब्दाखाली त्याचं रूप आणि मराठी अर्थ. ते पान मार्गदर्शकांना दाखव. ज्या गावात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, त्या अमळनेरच्या मुलीने ग्रीक वाचू नये असं कोणी म्हणणार नाही.

बोरीकाठची

सर, काय लिहू. तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. 'गडी बेघर करावा' हे मोठ्याने म्हणून पाहिलं. आधी एक अर्थ आला, मग दुसरा आला, आणि नंतर दोन्ही जाईनात.

एक शंका आहे. आखाजीला आमचं साल संपतं आणि हेसिओडचा थेसही मळणीनंतरच येतो. हा मेळ दाखवला तर चालेल का? त्याचा हिशेब ताऱ्यांवर आहे आणि आमच्याकडेही नक्षत्रंच. तेही तुलनेत घ्यावं असं मनात आहे.

मृगबहार

मी शिरपूर तालुक्यातला. शेती करतो, आणि पहाटे आकाश बघायची जुनी सवय आहे. म्हणून फक्त ताऱ्यांपुरतं लिहितो. इथे घसरायला फार जागा आहे.

हेसिओड ३८३व्या ओळीत म्हणतो, प्लेयाडीस उगवल्या की कापणी, मावळल्या की नांगरणी. प्लेयाडीस म्हणजे आपल्या कृत्तिका. पुढे म्हणतो, त्या चाळीस रात्री आणि चाळीस दिवस लपतात, आणि लोखंडाला धार लावायच्या वेळी परत दिसतात. लोखंड म्हणजे विळा. तो डोळ्यांनी बघतोय. तारे संध्याकाळच्या उजेडात बुडाले, दिसेनासे झाले, आणि एक दिवस पहाटे पूर्वेला पुन्हा दिसले. तोच त्याचा 'उदय'.

आपली पद्धत वेगळी आहे, ताई. पंचांगात 'कृत्तिका लागल्या' म्हणजे सूर्य कृत्तिकांमध्ये गेला, साधारण ११ मे ते २४ मे. सूर्य तिथे आहे म्हणजे कृत्तिका आकाशात दिसणारच नाहीत. तसंच मृगाचं. ७-८ जूनला मृग लागतं तेव्हा मृगाचे तारे सूर्याच्या झळाळीत असतात. हेसिओड दिसलेल्या ताऱ्यावर काम सुरू करतो, आपण न दिसणाऱ्या ताऱ्याच्या नावाने पेरतो. आपलं नक्षत्र ही मोजणी आहे. मला वाटतं त्यात ढगांचाही भाग असेल: जूनमध्ये पहाटेचं आकाश आपल्याला मिळतंच कुठे? पण हा माझा तर्क, प्रबंधात घालू नका.

तुमच्याच उताऱ्यात ५९८व्या ओळीवर ओरायन आहे: ओरायन पहिल्यांदा दिसला की मळणी करा, वाऱ्याच्या जागी, गोल खळ्यावर. ओरायन म्हणजे मृगाचेच तारे. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून पीक उन्हाळ्यात निघतं, आणि मृग दिसला की खळं. इकडे मृग म्हटलं की पेरणी. नाव एक, काम उलटं. 'दोघांचंही नक्षत्रांवर चालतं, म्हणून सारखं' असं लिहिलंत तर जाणकार तिथेच अडवेल.

शिवाय पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो, सुमारे ७२ वर्षांत एक अंश. हेसिओडपासून आजपर्यंत सदतीस-अडतीस अंशांचा फरक पडला. त्याच्या काळी कृत्तिका मे महिन्यात पहाटे परत दिसायच्या, आता जून उजाडतो. आजचं पंचांग त्याच्या ओळींवर ठेवून तारखा जुळवू नका.

एक गोष्ट मात्र स्वतः बघा. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ असतो, महिन्याचं नावच त्यावरून आलं. त्या दिवसांत कृत्तिका सूर्यास्ताला उगवतात आणि सूर्योदयाला मावळतात. नोव्हेंबर संपता संपता, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे पाचच्या पुढे गच्चीवर जा आणि पश्चिमेला बघा. पूर्व उजळत असताना तो लहानसा पुंजका क्षितिजाला टेकलेला दिसेल. हेसिओडचा 'मावळल्या की नांगरणी' हाच. आपल्याकडे तेव्हा गहू पेरून पाणी चालू असतं, दादर ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली असते.

तुमच्या सालदाराचा मेळ ताऱ्याशी नाही. तो खळ्याशी आहे. चैत्रात आमचं रब्बीचं खळं उरकतं, मग आखाजी येते. त्याचं खळं उरकतं, मग थेस येतो. जोडायचं असेल तर खळ्याशी जोडा.

जळगावकर_शोधार्थी

हे महत्त्वाचं आहे. त्यातही 'मेळ' म्हणजे पुरावा नव्हे, हे पहिल्या प्रकरणातच लिहून टाका. आखाजीवरून हेसिओडच्या आस्क्रा गावातली पद्धत सिद्ध होत नाही. तुम्हाला ओळीला नवे प्रश्न विचारता येतात, एवढाच तुमच्या अनुभवाचा अधिकार आहे, आणि तो थोडा नाही. वडिलांची मुलाखत घेणार असाल तर तारीख, ठिकाण, त्यांची संमती लिहून ठेवा. त्यांचे शब्द अहिराणीतच टिपा, मराठी खाली द्या.

बोरीकाठची

शनिवारी गावी गेले होते. तुम्ही सांगितलं तसं वही घेऊन बसले. वडील म्हणाले, "काय वाची ऱ्हायनी?" मी सांगितलं, ग्रीस देशातला शेतकरी आहे, सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा, आणि त्याने सालदाराबद्दल लिहिलंय. ते उठून बसले.

देवांची गोष्ट आधी सांगितली, वर्षभर राबून मजुरी बुडाली ती. ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले की एका आखाजीला त्यांच्याही हिशेबात खाडे धरून पैसे कापले होते, आई आजारी होती त्या वर्षीचे. हे मला माहीत नव्हतं. नाव त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही.

मग ओळ वाचून दाखवली, दोन्ही अर्थांनी. विचारलं, तुम्हाला कोणता खरा वाटतो? त्यांचं उत्तर जसं लिहून घेतलं तसं देते: "ज्याले घर नही, तो कोठे जाई?" म्हणजे मालक असा गडी मुद्दाम बघतो. ज्याचं गावात घर आहे तो संध्याकाळी घरी जातो, सणाला घरी जातो, पोर आजारी पडलं की घरी जातो. ज्याला घर नाही तो गोठ्यातच असतो. परगावचा सालदार लोकांना हवा असायचा तो यासाठी. बाईचंही त्यांनी आपणहून सांगितलं. कडेवर लेकरू असलेल्या बाईला नाही म्हणायचे, ती अर्धा दिवस झाडाखाली झोळीपाशी जाते म्हणून.

मी रात्री ६०३वी ओळ शोधली. सर, तिथे त्या बाईसाठी शब्द आहे 'हुपोपोर्तिस'. कोशात बघितलं: खाली वासरू असलेली. हेसिओड आईला गाईचा शब्द लावतो. 'अशी कामवाली त्रासाची', म्हणतो. तो मालकाच्या ओट्यावरून बोलतोय, हे मला त्या शब्दाने कळलं. तोपर्यंत मी त्याला आपल्यातला समजत होते. त्याचा बाप गरिबीला कंटाळून समुद्र ओलांडून आला, भावाने वाटणीत फसवलं, हे सगळं खरं. पण दास त्याचे होते, थेस तो ठेवणार होता, आणि वासरू खाली असलेली बाई त्याला नको होती. माझ्या आईने मला झोळीत ठेवून निंदणी केली आहे.

शीर्षक असं ठरवलंय: 'थेस: हेसिओडच्या ६०२व्या ओळीतला घर नसलेला माणूस, आणि होमरमधील तीन जागा'. सालदारीचं एकच प्रकरण, शेवटी, मुलाखतीसह. तारे नाहीत. नऊ ओळींपैकी चार हाताने लिहून झाल्या. काल ते पान मार्गदर्शकांना दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ हातात धरून ठेवलं आणि म्हणाले, उरलेल्या पाच पूर्ण करून आण, मग सही करतो.

धुळ्याहून_निवृत्त

हुपोपोर्तिस तू एकटीने काढलास, मला त्याचा फार आनंद झाला. त्यावर चार पानं लिही, घाई करू नकोस. एक दुरुस्ती: तुझ्या आईबद्दलचं वाक्य प्रबंधात घ्यायचं असेल तर ते प्रस्तावनेत घे, विश्लेषणात नको. तिथे शब्दाला त्याच्या जागी उभा राहू दे.

वडिलांना आणखी एक विचार. 'बाहेर काढ' आणि 'ठेवून घे' हे दोन अर्थ आपण एकमेकांविरुद्ध धरतोय. पण आखाजीला तर एक जातो आणि एक येतो. जुना हिशेब करून गेला आणि नवा अजून आला नाही, असा मधला वेळ असतो का? असेल तर त्या रात्री खळ्यातलं धान्य आणि गुरं कोण राखतं?

बोरीकाठची

फोनवर विचारलं, सर. असा वेळ असतो. जुना आखाजीच्या दिवशी दुपारचं जेवण करून जातो, नवा दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. मधली एक रात्र मालक स्वतः गोठ्यात खाट टाकतो. वडील म्हणाले, त्या रात्री कुत्रं बांधत नाहीत, मोकळं सोडतात, आणि पोळ्या व्हायच्या आधीच त्याला भाकरी घालतात.

मी विचारलं नव्हतं. ६०४वी ओळ त्यांना मी वाचून दाखवली नव्हती.